अंगचोर

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावच्या आमच्या शाळेत आळशी माणसांची वर्गवारी करणारे एक मास्तर होते. आडनाव ढोबळे. स्वतःच्या आडनावाशी इतकं वैर धरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, कारण ढोबळ असं काही त्यांना चालायचंच नाही. ते मराठी शिकवायचे, मी गणित. गणितात एकच उत्तर बरोबर असतं आणि भाषेत दहा चालून जातात, असं मी नवीन असताना स्टाफरूममध्ये बोलून बसलो. पुढचे आठ दिवस त्यांनी मला सोडलं नाही. चहा कोमट आहे म्हटलं की विचारायचे, कोमट की निवलेला? मी दमलो म्हटलं की विचारायचे, दमलात, थकलात की कंटाळलात? शेवटी मी हात जोडले.

उंच होते, मानेत किंचित वाकलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरच्या खिशात खडूचे तुकडे, त्यामुळे खिशाच्या खालची शिवण कायम पांढरट. पूर्ण तास उभ्याने घ्यायचे. डबाही उभ्यानेच खायचे, खिडकीशी. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची एक खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. शाळा भरायच्या तासभर आधी येऊन कुंपणाच्या कडुलिंबांना पाणी घालायचे, आणि फळा पुसायला कुणाला सांगायचे नाहीत. लोक म्हणायचे, ढोबळे सरांना कामाची हौस आहे. मला ती हौस कधीच वाटली नाही. हात थांबले की काहीतरी वाईट होईल, असं वाटणाऱ्या माणसाची ती घाई होती.

त्यांचा खास विषय विरुद्धार्थी शब्द, आणि त्यातही एकच जोडी. पुस्तकात असायचं, उद्योगी आणि आळशी. सर दर वर्षी नववीच्या पहिल्या आठवड्यात ते वाक्य वाचायचे आणि पुस्तक मिटायचे. मग सुरू व्हायचे. आळशी तो, ज्याला मनातूनच काम नको असतं. कामचुकार वेगळा, त्याला काम दिसतं, दिसलं म्हणूनच तो वाट बदलतो, म्हणजे त्याला डोकं आहे. ऐदी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर लोळणारा. सुस्त हा काही स्वभाव नाही, पुरणपोळी खाल्ल्यावर कुणीही सुस्त होतो. रिकामटेकडा नुसता रिकामा नसतो, तो दुसऱ्याच्या कामात जाऊन बसतो. निरुद्योगी ही शिवीच नाही, त्या बिचाऱ्याला काम मिळालेलं नाही. आणि चालढकल करणाऱ्याला आळशी म्हणू नका, उद्या करू असं म्हणायलासुद्धा थोडी इच्छा लागते. पोरं खूश असायची. बाजूच्या वर्गात माझं समीकरण अर्ध्यावर थांबायचं आणि माझीही पोरं भिंतीपलीकडचं ऐकत बसायची. खोटं कशाला सांगू, मीही ऐकायचो.

हा नुसता वर्गातला खेळ नव्हता. एकदा मुख्याध्यापकांनी बबन शिपायाला नोटीस काढली, त्यात तो आळशी असल्याचं लिहिलं होतं. कागद सहीसाठी फिरत ढोबळे सरांकडे आला, तर त्यांनी तो शब्द खोडून वर सुवाच्य अक्षरात 'कामचुकार' लिहिलं. त्यांचा पुरावा असा, की टपाल न्यायची वेळ झाली की बबन आळसावून पडत नाही, चांगला चपळाईने संडासाच्या मागून निघून जातो. बबन रडकुंडीला आला. आळशी लिहिलं असतं तर बायकोला सांगता आलं असतं, की बाप्पा, मायाच सभाव आहे. आता कामचुकार म्हटल्यावर घरी काय तोंड दाखवू, असं तो आमच्यापुढे गाऱ्हाणं करत राहिला. सर म्हणाले, शब्द मी बनवला नाही, तुला पाहून निवडला. आम्ही पोट धरून हसलो. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला आम्हाला आणखी काही वर्षं लागायची होती.

हे सगळं भांडार कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही नाचणगावला गेलो होतो, तिथे घराच्या ओट्यावर बोटाने जागा दाखवत म्हणाले, इथे बाबांची बाज असायची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. चाळिशीतच त्यांनी काम सोडलं आणि बाजेवर बसले. बसले ते बसलेच. आई लोकांच्या शेतात जायची, आल्यावर चुलीपुढे बसून रोज बापाला एक नवीन शब्द द्यायची. पोरगा अभ्यास करता करता ऐकायचा. आईला वाचता येत नव्हतं, सर म्हणाले, पण एक शब्द दोनदा वापरलेला मला आठवत नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात आईचं कौतुक होतं. बापाबद्दल काहीच नव्हतं.

आता शीतलचं सांगतो. सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

शीतल उईके टेकडीखालच्या टोलीवरून यायची. टोलीत पंधरा-वीस घरं, बहुतेक गोंडांची. तिची आजी तिच्याशी गोंडीतच बोलायची, आई इंदूबाई दोन्ही बोलायची, आणि शीतल शाळेत कुठल्याच भाषेत फारसं बोलायची नाही. अक्षर मात्र असं की मी तिची गणिताची वही दुसऱ्यांना दाखवायचो. बारीक अंगाची, डोळे जरा पिवळट. ते पिवळेपण मी पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. मला वाटायचं, काही काही पोरींचे असतात तसे.

ती आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या उन्हाळ्यात गावात श्रमदानाचं वारं आलं होतं. टेकडीवर चर खोदायचे, पाणी अडवायचं. सकाळी सहाला अख्खं गाव वर. दुकानदार, शेतकरी, बचत गटाच्या बाया, आणि शाळा तर हवीच. ढोबळे सर म्हणजे त्या कामाचे राजेच झाले होते. पोरांची रांग लावायची, पुढे घमेली सरकवायची, पुन्हा मागे. शीतल रांगेत असायची. वेळेवर यायची, पहिल्या पाचात. पण घमेलं अर्धंच भरून घ्यायची, आणि तीन-चार घमेली झाली की रांग सोडून दगडावर बसायची. पाणी प्यायची. पुन्हा उठायची, पुन्हा बसायची. रांग तुटायची आणि पोरं ओरडायची.

चौथ्या का पाचव्या दिवशी सर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. रागावले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं होतं, शब्द सापडल्यावरचं. त्यांनी रांग थांबवली आणि सगळ्यांना विचारलं की हिला काय म्हणाल. कुणीतरी आळशी म्हटलं. सर म्हणाले, नाही, आळशी असती तर पहाटे उठून आली नसती. कामचुकार, दुसरा म्हणाला. तेही नाही, ती पळून कुठे गेली? मग ते हळू, प्रेमानेच म्हणावं अशा आवाजात म्हणाले,

"अंगचोर. कामावर येते, वेळेवर येते, हात कामाला लावते, पण अंग राखून ठेवते. इतका नेमका शब्द दुसऱ्या भाषेत मिळायचा नाही."

टेकडीवर हशा पिकला. मोठी माणसंही हसली. मीही हसलो. शीतल खाली मान घालून उठली आणि तिने ते घमेलं काठोकाठ भरून घेतलं. पंचवीस पावलं नेलं असेल. मग ठेवलं.

तो शब्द टेकडीवरून गावात उतरला. शाळा सुरू झाल्यावर वर्गात तिचं नावच ते पडलं, पोरी लाडानेसुद्धा तसंच हाक मारू लागल्या. मी एकदा तिला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, ती बाकावरून उठायला वेळ लावत होती, तेव्हा मीही म्हणालो, चल गं अंगचोर, लवकर ये. मला ते वाक्य आजही स्वतःच्या आवाजात ऐकू येतं. दात घासताना, गाडीला किक मारताना, कधीही. त्याला वेळकाळ नाही.

ऑगस्टमध्ये घटक चाचणी झाली. मराठीच्या पेपरात सरांचा हातखंडा प्रश्न होता, कष्टाळू या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द लिहा. पेपर तपासताना ते एकदम हसले आणि गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. पाच-सहा टवाळ पोरांनी उत्तर लिहिलं होतं, 'शीतल'. सरांनी त्यांना शून्य दिलं, पण हसले. मग तिचा स्वतःचा पेपर काढून दाखवला. तिने तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'अंगचोर'. बाकी सगळ्यांनी आळशी लिहिलेलं, एवढ्या एकाच पोरीने आपला शब्द लक्षात ठेवला, असं म्हणून सरांनी तिला पूर्ण गुण दिला आणि बाजूला 'छान' लिहिलं.

डिसेंबरच्या थंडीत शीतल चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी टोलीतली एक मुलगी सांगत आली की तिला ताप आहे, हातपाय दुखून राह्यले म्हणून रडते, वर्ध्याला नेलं. त्यानंतर दोन दिवसांनी प्रार्थनेच्या वेळी बबन मुख्याध्यापकांच्या कानाशी लागला. दोन मिनिटं शांतता पाळली आणि शाळा सुटली. पोरं घरी जाताना कुजबुजत होती. मैदान रिकामं झालं तरी ढोबळे सर झेंड्याच्या चबुतऱ्यापाशी एकटेच उभे होते.

आजार सिकलसेल होता. आपल्याकडे नवीन नाही, नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, घर मात्र कुणाचं ते कुणाला माहीत नसतं. महिन्याभराने दवाखान्याची गाडी शाळेत आली, सगळ्या पोरांच्या बोटातून रक्त घेतलं. त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी हॉलमध्ये आम्हा मास्तरांना आणि पोरांना समजावून सांगितलं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, मग सांधे दुखतात. मूल लवकर दमतं. सारखं पाणी पितं. मधेच बसतं. डोळे पिवळे दिसतात. आणि मग ते म्हणाले, साधेपणाने, कुणाकडे न बघता, की अशी मुलं कामात मागे पडली की लोक त्यांना आळशी समजतात, तसं समजू नका.

मी मागे वळून पाहिलं. सर दाराशी उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. नंतर त्यांनीच मला सांगितलं, की डॉक्टर आळशी म्हणाले तेव्हा आपण मनात दुरुस्ती केली. इतक्या दिवसांची सवय, आपोआप झालं. मनात म्हणालो, आळशी नव्हे. आणि लगेच पुढचा शब्द तोंडात आला.

त्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. निकालपत्रकाचं काम माझ्याकडे असायचं. त्यांच्या हातात शीतलचा चाचणीचा पेपर होता. म्हणाले, हिचा एक गुण कमी करा, उत्तर चूक आहे आणि मी बरोबर दिलंय. मी म्हटलं, सर, तिचं नाव कमी झालंय पटावरून, आता कुठला गुण आणि कुठली चाचणी. ते ऐकेनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शाळेची तपासणी झाली, परीक्षा संपल्या, तरी महिन्या-दोन महिन्यांनी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, केलं का तेवढं? एकदा मी वैतागून म्हणालो की मेलेल्या पोरीचा गुण कापायचा म्हणता, बरं दिसतं का? ते म्हणाले, तिला शिक्षा म्हणून नाही हो. ते उत्तर बरोबर म्हणून कुठेतरी नोंदलं गेलंय, ते मला सहन होत नाही.

मी तो गुण कापला नाही. कापला असता तर माझं काय गेलं असतं, असं आता वाटतं.

त्यानंतर ढोबळे सरांनी विरुद्धार्थी शब्द शिकवणं सोडलं. तो धडा आला की पोरांना म्हणायचे, घरून वाचून या. आणि त्यांना एक नवीनच खोड लागली. कुणी कुणाबद्दल आळशी, सुस्त, निकम्मा, काहीही म्हटलं की ते मधेच विचारायचे, "तपासलं काय?" स्टाफरूममध्ये, किराणा दुकानात, बसस्टँडवर, जिथे असतील तिथे. सुरुवातीला लोकांना वाटायचं थट्टा आहे. वायरमन दोन दिवस आला नाही म्हणून कुणी त्याच्या सात पिढ्या काढत असेल तर सर शांतपणे विचारायचे, त्याला तपासलं काय? एका शेतकऱ्याचा बैल नांगराच्या तासात बसकण मारायचा. तो शेतकरी पानठेल्यावर बैलाला शिव्या देत होता, त्यालाही सरांनी हेच विचारलं, आणि ठेलेवाल्यासकट सगळे हसले. सर हसले नाहीत. शेतकऱ्याबरोबर त्याच्या गोठ्यात गेले, बैलाचे खूर उचलून पाहिले. काही सापडलं नाही. मग आर्वीहून जनावरांचा डॉक्टर आणेपर्यंत त्यांनी त्या माणसाला स्वस्थ बसू दिलं नाही.

बबन शिपायाला तर त्यांनी स्वतः आर्वीला नेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं. सगळं ठणठणीत निघालं. मी कागद वाचून म्हटलं, सर, आता तर म्हणायला हरकत नाही ना, कामचुकार आहे? बऱ्याच महिन्यांनी ते हसले तेव्हा. म्हणाले, आता म्हणा, खुशाल म्हणा. पण स्वतः म्हणाले नाहीत, आणि बबननेही त्यानंतर टपालाची वेळ कधी चुकवली नाही.

गावात मात्र सरांचं डोकं फिरलं अशी चर्चा सुरू झाली. पोरं मागून 'तपासलं काय' असं ओरडून पळायची. हे तेच गाव, तसलीच पोरं. सर वळूनसुद्धा बघायचे नाहीत. मला वाटतं त्यांना ते बरं वाटत असावं, की आता नाव आपल्याला पडलंय.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत, खिडकीशी डबा खाता खाता, त्यांनी घास तसाच हातात धरला आणि म्हणाले, बाबा खोकायचे. मला आधी कळलंच नाही. ते सांगू लागले. जिनिंगमधला कापसाचा फुफाटा, घरी आल्यावर बाबांच्या भुवयांवर कापूस असायचा. बाजेवर बसल्या बसल्या खोकायचे. दोन पायऱ्या चढले की थांबायचे. आई म्हणायची, खोकल्याचं सोंग करते. मी पाठ करायचो आईचे शब्द, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो, त्यातला एकही चुकू नये म्हणून. एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. त्या दिवसानंतर ते मला शब्दांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कोमट चहा मी कोमट म्हणालो काय, थंड म्हणालो काय, त्यांना सारखंच झालं होतं. माणूस समोर असून घर रिकामं असावं असं वाटायचं त्यांच्याशी बोलताना.

टोलीवर ते गेले नव्हते. मयतीला शाळेतले आम्ही चौघं गेलो होतो, सर नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, त्या ठेंगण्या पुलापर्यंत, आले आणि तिथूनच परत फिरले. पुढे कितीतरी वेळा लोकांनी त्यांना त्या रपट्यावर पाहिलं. येऊन उभे राहायचे, टोलीकडे तोंड करून, आणि निघून जायचे. इंदूबाईला शोधायचं तर लांब जावं लागत नव्हतं, ती बाजाराच्या दिवशी गावात यायची. सर त्या दिवशी घराबाहेर पडायचे नाहीत.

निवृत्त झाले. मुलगा पुण्याला, त्याने बोलावून घेतलं. सामान बांधून झालं आणि जायच्या आदल्या दिवशी सकाळी सात-साडेसातला ते माझ्या दारात उभे राहिले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. म्हणाले, टोलीवर चला, मला एकट्याने रपटा ओलांडता येत नाही. मी विचारलं, तिथे जाऊन काय बोलणार? त्यांनी ते ठरवलं होतं. एवढंच सांगायचं की मी तुमच्या मुलीला जो शब्द दिला तो चूक होता. पुण्याला जाण्याआधी तेवढं झालं पाहिजे, नाहीतर तिकडे मला जगता येणार नाही. असं अगदी सरळ म्हणाले.

मी गाडी काढली. रपट्यावर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, एवढंच.

इंदूबाई घरीच होती. ऑक्टोबरचे दिवस, कापूस फुटायला लागला होता, तिची कामावर निघायची तयारी चाललेली. भाकर फडक्यात बांधून झाली होती, डोक्याला रुमाल बांधत होती. आम्हाला पाहून थांबली. बसा म्हणाली, बाज पुढे ओढली. सर बसले नाहीत. मीही मग उभाच राहिलो. चहा मांडते म्हणाली, त्यालाही सर नको म्हणाले. अंगणात कोंबड्या फिरत होत्या आणि घरातून म्हातारीचा गोंडीत काहीतरी विचारण्याचा आवाज आला, त्याला इंदूबाईने एका शब्दात उत्तर दिलं.

सर बोलले. मी त्यांना तीस वर्षं हजारो पोरांपुढे बोलताना ऐकलं आहे, असे अडखळताना कधीच नाही. मी शीतलला टेकडीवर सगळ्यांसमोर अंगचोर म्हटलं, ते म्हणाले. तो शब्द चूक होता. तिला तो लागू नव्हता. मी मराठीचा मास्तर असून मला तो कळला नाही. इतकं बोलून त्यांनी हात जोडले.

इंदूबाईने रुमालाची गाठ पक्की केली. तिला राग आलेला दिसला नाही. थोडा वेळ ती सरांच्या पायांकडे बघत होती.

"चूक नव्हता, सर," ती म्हणाली. "आंग चोरेच ते. निंदाले नेली का अर्ध्या तासात बसे बांधावर. मी म्हनो, सर म्हनते ते काई खोटं नाई. मी बी तेच म्हनो तिले, रोज म्हनो. आंग तं चोरे पोट्टी. पन काऊन चोरते, हे ना तुमी इचारलं तिले, ना मी इचारलं."

सर तसेच उभे. चूक ठरवून घ्यायला आलेला माणूस, त्याला तेवढंही मिळालं नाही. तिने आपला वाटा स्वतः उचलला होता आणि यांचा यांच्याकडे ठेवला होता. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, निदान खाली तरी बसतील. मी त्यांच्या दंडाला हात लावला, तर दंड लाकडासारखा झाला होता.

बाहेरून कुणीतरी इंदूबाईला हाक मारली, बाया निघाल्या होत्या. तिने भाकरीचं फडकं कमरेला बांधलं.

"जाच लागते आता," ती म्हणाली. "उशीर झाला तं वावरवाली म्हनन, इंदू..."

पुढचं ती बोलली नाही. तोंडाशी आलेलं तिने तिथेच ठेवलं, पदर खोचला आणि बायांच्या मागे निघाली. पाय जरा ओढतच चालत होती. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सरांनीही पाहिलं, कारण त्यांनी एकदम हात पुढे केला, थांबवण्यासाठी असतो तसा. ती वळणावरून दिसेनाशी झाली.

मी अंगणाबाहेर येऊन गाडी सुरू केली आणि वाट बघत राहिलो. दोनदा हॉर्न वाजवला. सर त्या अंगणात, हात तसाच पुढे, इंदूबाई गेली त्या वाटेकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले, मी स्टँडवर जाऊ शकलो नाही. पुढच्या पावसाळ्यात सर वारले म्हणून मुलाचा फोन आला. त्याने सांगितलं, बाबा शेवटी कुणाशी बोलत नसत, फक्त मोलकरीण आली की खिडकीजवळून उठून तिच्याजवळ जायचे आणि तिला रोज एकच विचारायचे, काही दुखतं का म्हणून.